दानाचे वाटप नव्हे, हक्काची हमी

दरवर्षी ३ डिसेंबरला आंतरराष्ट्रीय अपंग दिन पाळला जातो. संयुक्त राष्ट्रसंघाने १९९२ साली हा दिवस जाहीर केला. आपल्या देशात त्याचा एक ठरीव विधी होऊन बसला आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी मांडव पडतो, मंत्रिमहोदयांचे आगमन होते, तीनचाकी सायकली, कुबड्या आणि श्रवणयंत्रे यांचे वाटप होते आणि देणाऱ्याचे व घेणाऱ्याचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात झळकते. मग मांडव उतरतो. ती सायकल मोडली तर दुरुस्त कोणी करायची, ज्या रस्त्यावरून ती चालवायची तो रस्ता कसा आहे, आणि ती चालवीत जाऊन जे काम करायचे ते काम कोठे आहे, हे विचारायला गेल्यास उत्तर देणारा कोणी तेथे उरलेला नसतो.

या विधीच्या मागे एक निश्चित विचारसरणी आहे. अपंगत्व हे त्या त्या व्यक्तीचे दुर्दैव होय, आणि त्यावरील इलाज म्हणजे सुस्थितीतील लोकांची दया, असे ती विचारसरणी मानते. सत्ताधारी वर्गाला ती सोयीची आहे. दुर्दैवाला कोणी जबाबदार नसतो, आणि दया दाखविण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही. उलट, अपंगत्वाच्या कारणांपैकी फार मोठा भाग समाजव्यवस्थेत आहे, आणि म्हणून त्याची जबाबदारीही समाजाची, म्हणजेच राज्यसंस्थेची आहे, असे एकदा मान्य केले की मांडवातील वाटपाने भागत नाही. हिशेब द्यावा लागतो.

आकडे काय सांगतात?

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. लोकसंख्येशी हे प्रमाण २.२१ टक्के पडते. यांपैकी सुमारे ६९ टक्के लोक खेड्यांत राहतात. हा आकडा वस्तुस्थितीहून कमी आहे, हे उघड आहे. त्या जनगणनेत अपंगत्वाचे आठच प्रकार विचारात घेतले होते. २०१६ च्या कायद्याने एकवीस प्रकार मान्य केले आहेत. मुळात ही मोजणीसुद्धा सरकारने आपण होऊन केलेली नाही. १९८१ च्या जनगणनेत अपंगांची गणना झाली होती, १९९१ मध्ये ती वगळण्यात आली, आणि २००१ मध्ये अपंगांच्या संघटनांनी आंदोलन केले तेव्हाच हा प्रश्न प्रपत्रात परत आला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत असलेले अपंगत्वविषयक प्रश्न सहाव्या फेरीतून पुन्हा गाळण्यात आले. जे मोजले जात नाही त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूदही करावी लागत नाही, हे राज्यकर्त्यांना चांगले ठाऊक आहे.

जनगणनेच्या त्याच आकड्यांनुसार अपंग पुरुषांपैकी ६२ टक्के साक्षर होते आणि अपंग स्त्रियांपैकी ४५ टक्के. काम मिळालेल्यांचे प्रमाण ३६ टक्के होते. त्यानंतर २०१८ साली राष्ट्रीय नमुना पाहणीची ७६ वी फेरी झाली. तिने दिलेले चित्र अधिक बोलके आहे. पंधरा वर्षांवरील अपंगांपैकी श्रमशक्तीत असलेले केवळ २३.८ टक्के. अपंगत्वाचे प्रमाणपत्र हाती असलेले केवळ २८.८ टक्के. सरकारकडून काहीएक मदत मिळालेले २१.८ टक्के. सरकारखेरीज इतर संस्थांकडून मदत मिळालेले १.८ टक्के. आणि कोणाकडूनही काहीही न मिळालेले ७६.४ टक्के.

हा १.८ चा आकडा प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावा असा आहे. राज्यसंस्थेने अंग काढून घ्यावे आणि तिची जागा स्वयंसेवी संस्था, न्यास व कंपन्यांच्या देणग्या यांनी भरून काढावी, असा उपदेश गेली तीस-पस्तीस वर्षे चालू आहे. त्या उपदेशाचे फळ शंभरात दोन माणसांपर्यंतही पोहोचलेले नाही.

अपंगत्व कोठे घडते?

भांडवली उत्पादनपद्धतीत माणसाचे मोल त्याच्या श्रमशक्तीतून किती वेगाने किती नफा पिळून काढता येतो यावर ठरते. त्या वेगाला जे शरीर पुरे पडत नाही ते निरुपयोगी ठरते. पाय नसलेला मनुष्य बसून करण्याची शेकडो कामे उत्तम करू शकतो; परंतु कारखान्याच्या दारातील तीन पायऱ्या आणि मालकाचा पूर्वग्रह त्याला बाहेर ठेवतात. त्याला बेकार करणारी गोष्ट त्याचा पाय ही नव्हे.

हीच व्यवस्था धडधाकट माणसांनाही रोज अपंग करीत असते. गुडगाव-मानेसर आणि फरीदाबादच्या मोटार उद्योगाच्या पट्ट्यात सुटे भाग करणाऱ्या लहान कारखान्यांतून पॉवर प्रेसखाली बोटे गमावणारे तरुण कामगार ही तेथील नित्याची गोष्ट झाली आहे. यंत्राला संरक्षक साधन बसविले तर उत्पादनाचा वेग कमी होतो, म्हणून ते काढून ठेवले जाते. यंत्रावर बसविलेला कामगार बहुधा ठेकेदाराचा, परप्रांतातून आलेला आणि पुरेसे शिक्षण न दिलेला असतो. अपघात झाल्यानंतरच त्याचे नाव कर्मचारी राज्य विमा योजनेच्या नोंदीत चढविण्याची मालकांची चाल कामगार चळवळीला नवी नाही. राजस्थानातील दगडखाणींत आणि खंबायतच्या अकीक कारागिरांत सिलिकोसिसने फुप्फुसे निकामी झालेल्यांची कथाही याहून वेगळी नाही. अशा वेळी सुरक्षिततेचे कायदे कडक व्हावयास हवे होते. घडले उलटेच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आणलेल्या श्रमसंहितांनी कारखान्याच्या व्याख्येतील कामगारसंख्येची मर्यादा विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहावरून वीसवर आणि विजेविना चालणाऱ्या ठिकाणी वीसवरून चाळीसवर नेली. ज्या लहान कारखान्यांत सर्वाधिक हात चिरडतात तेच या व्याख्येबाहेर गेले.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. एके काळी आपल्या देशात अपंगत्वाचे एक मोठे कारण पोलिओ हे होते. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात शेवटचा रुग्ण आढळला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचे जाहीर झाले. हे कोणत्याही धर्मादाय शिबिराने साधलेले नाही. सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेने, आणि तुटपुंज्या मानधनावर दारोदार हिंडून लस पाजणाऱ्या लक्षावधी स्त्रियांनी ते साधले. ठरविले तर काय होऊ शकते, याचा हा पुरावा आहे.

कासरगोडचा धडा

अपंगत्व समाज कसे निर्माण करतो आणि त्याचा हिशेब घेण्यास किती झगडावे लागते, हे केरळच्या उत्तर टोकावरील कासरगोड जिल्ह्याने दाखवून दिले आहे. तेथे सरकारी मालकीच्या प्लँटेशन कॉर्पोरेशनच्या काजूबागा आहेत. काजूवरील किडीसाठी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून २००० सालापर्यंत तेथे हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान या कीटकनाशकाची फवारणी होत असे. टेकड्यांवर बागा, आणि उतारावर व पायथ्याशी वस्त्या, उघड्या विहिरी व ओढे. वरून पडलेले विष पावसाबरोबर खाली उतरे. कालांतराने त्या गावांतील डॉक्टरांच्या ध्यानात आले की, मतिमंदत्व, अपस्मार, वाकडे हातपाय आणि इतर जन्मजात व्यंगे असलेली मुले येथे असाधारण संख्येने आहेत. ११ पंचायती बाधित ठरल्या.

कीटकनाशक उद्योगाने आणि त्याची तळी उचलणाऱ्या तज्ज्ञांनी अखेरपर्यंत या दोहोंचा संबंध नाकारला. कृषी खात्यात नोकरी करणाऱ्या लीलाकुमारी अम्मांनी १९९८ साली न्यायालयात धाव घेतली तेव्हा फवारणीला पहिला अडसर बसला. पुढे अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या पाहणीने गावकऱ्यांच्या म्हणण्याला आधार दिला. तरीही केंद्र सरकार आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर एंडोसल्फानची पाठराखण करीत राहिले. अखेर डेमोक्रॅटिक यूथ फेडरेशन ऑफ इंडिया या युवक संघटनेच्या याचिकेवर १३ मे २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभर त्याचे उत्पादन, विक्री व वापर थांबविला, आणि १० जानेवारी २०१७ रोजी प्रत्येक पीडिताला तीन महिन्यांत ५ लाख रुपये देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला.

यापुढील भाग आपण विशेष लक्षपूर्वक वाचला पाहिजे. मे २०२२ मध्ये हे प्रकरण पुन्हा सर्वोच्च न्यायालयापुढे आले तेव्हा असे दिसून आले की, ३,७०४ पीडितांपैकी केवळ आठ जणांना भरपाई मिळाली होती. हे आठ जण म्हणजे न्यायालयाचा अवमान झाल्याची तक्रार करणारे अर्जदार. उरलेल्यांत अंथरुणाला खिळलेली १०२ माणसे होती. त्या वेळी केरळात डाव्या लोकशाही आघाडीचे सरकार होते, हे येथे लपविण्याचे काही कारण नाही. जानेवारी २०२२ मध्ये २०० कोटी रुपये मंजूर झाले होते, पण ते पीडितांच्या हाती पडण्यास न्यायालयाचा आणखी एक तडाखा लागला. त्याआधी २०१९ च्या प्रारंभी कासरगोडच्या माता आपली मुले घेऊन तिरुवनंतपुरमला सचिवालयासमोर येऊन बसल्या होत्या. सरकार आपल्या विचाराचे असले तरी नोकरशाही आपणहून हलत नाही. पीडितांची स्वतःची संघटना आणि तिला जनसंघटनांचे अखंड पाठबळ या दोहोंना पर्याय नाही, हा कासरगोडचा पहिला धडा होय.

दुसरा धडा अधिक आशादायक आहे. केरळात मतिमंद मुलांसाठी ‘बड्स’ नावाच्या शाळा स्थानिक पंचायती चालवितात आणि ‘कुटुंबश्री’ या स्त्रियांच्या संघटनेचा त्यांत सहभाग असतो. कासरगोडच्या बाधित गावांतही अशा शाळा उभ्या राहिल्या. मूल दिवसभर शाळेत असते, म्हणून आई चार तास मजुरीला जाऊ शकते. अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना तेथील सरकार ‘आश्वासकिरणम्’ योजनेतून मासिक साहाय्य देते. रक्कम अल्प आहे, परंतु त्यामागील तत्त्व मोठे आहे. अपंगाची शुश्रूषा हे आईच्या पदरी पडलेले भागधेय नसून ते समाजाने मोल द्यावे असे श्रम आहेत, याची ती कबुली आहे. २०१६ च्या केंद्रीय कायद्यातही शुश्रूषा भत्त्याचा उल्लेख आहे. देशाच्या बहुसंख्य भागांत तो कागदावरच आहे.

कायदा आहे, अंमल कोठे आहे?

आपल्या देशातील अपंगांना जे जे मिळाले ते त्यांनी झगडून मिळविले आहे. १९७७ साली केंद्र सरकारच्या क आणि ड गटांतील पदांवर तीन टक्के आरक्षण आले. मार्च १९८० मध्ये आपल्या मागण्या घेऊन राजधानीत निघालेल्या अंध निदर्शकांवर पोलिसांनी लाठ्या चालविल्या. पुढच्याच वर्षी, १९८१ साली, सरकारने मोठ्या थाटाने आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष साजरे केले. डिसेंबर १९९५ मध्ये अपंगांनी संसदेच्या दारात धरणे धरल्यावरच पहिला सर्वंकष कायदा संमत झाला. २०१६ च्या कायद्याने नोकऱ्यांतील आरक्षण चार टक्के व उच्च शिक्षणातील पाच टक्के केले.

परंतु या कायद्याच्या पोटातच पळवाटा आहेत. सामाजिक सुरक्षेच्या योजना सरकारने ‘आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ आखाव्यात, असे तो म्हणतो. ही मर्यादा कोठवर खाली जाते ते पाहा. इंदिरा गांधी राष्ट्रीय अपंगत्व निवृत्तिवेतन योजनेत केंद्र सरकारचा वाटा २०१२ साली दरमहा ३०० रुपये ठरला आणि तेथेच गोठला. दिवसाला दहा रुपये. तेही दारिद्र्यरेषेखालील आणि ८० टक्के अपंगत्व असलेल्यालाच. या काळात धान्य, औषधे आणि बसभाडे यांचे काय झाले ते सांगावयास नको. आंध्र प्रदेश सरकारने जुलै २०२४ पासून अपंगांचे मासिक निवृत्तिवेतन ६,००० रुपये केले. तेव्हा तीनशे रुपयांचे कारण क्षमतेचा अभाव हे नसून इच्छेचा अभाव हे आहे. पैसा घेताना मात्र संकोच झाला नाही. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा चाकांची खुर्ची आणि ब्रेलचा कागद यांवरही पाच टक्के कर बसविण्यात आला.

प्रमाणपत्राची कथा याहून कष्टाची आहे. ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र नसेल तर आरक्षण नाही, निवृत्तिवेतन नाही, सवलत नाही. ते मिळविण्यासाठी खेड्यातील मजुराला एका दिवसाची मजुरी बुडवून, सोबतच्या माणसाचीही बुडवून, जिल्हा रुग्णालय गाठावे लागते. तेथे त्या विशिष्ट विषयाचा डॉक्टर नसला तर पुन्हा यावे लागते. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने नियम बदलले. प्रमाणपत्र देण्याची मुदत एका महिन्यावरून तीन महिन्यांवर गेली, आणि अर्ज दोन वर्षे निर्णयाविना पडून राहिला तर तो रद्द होऊन अर्जदाराने पुन्हा अर्ज करावा, अशी तरतूद झाली. दिरंगाई कार्यालयाची आणि शिक्षा अपंगाला, असा हा न्याय आहे.

इमारती, रस्ते व वाहने सुगम करण्याच्या बाबतीतही हेच घडले. डिसेंबर २०१५ मध्ये ‘सुगम्य भारत’ अभियानाची घोषणा झाली. परंतु सुगमतेचे निकष बंधनकारक नसून शिफारसवजाच आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाला ८ नोव्हेंबर २०२४ च्या राजीव रतूडी खटल्यातील निकालात नमूद करावे लागले. संबंधित नियम रद्द ठरवून तीन महिन्यांत बंधनकारक नियम करण्याचा आदेश न्यायालयाने दिला. अभियानाच्या घोषणेनंतर जवळजवळ नऊ वर्षांनी ही स्थिती होती.

२०१५ च्या डिसेंबरातच पंतप्रधानांनी ‘विकलांग’ऐवजी ‘दिव्यांग’ म्हणावे, असे सुचविले आणि खात्यांच्या पाट्या बदलल्या. अपंगांच्या अनेक संघटनांनी या नावाला विरोध केला, आणि तो रास्त होता. ज्याच्या ठायी दिव्यत्व आहे त्याला जिने चढण्यासाठी उतार कशाला, आणि पोटासाठी वेतन कशाला? अपंगांनी दैवी देणगी मागितलेली नाही. त्यांनी नागरिकत्वाचे हक्क मागितले आहेत.

सेवाकार्याचे मोल आणि मर्यादा

सेवाकार्य करणाऱ्या प्रत्येकाला आपण एकाच मापाने मोजू नये. बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले तेव्हा समाजाने वाळीत टाकलेल्या कुष्ठरुग्णांच्या हाती त्यांनी भीक ठेवली नाही, कुदळ दिली. जयपूरच्या कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉक्टर प्रमोद करण सेठी यांनी रबरी पाय तयार केला. अनवाणी चालणाऱ्या, मांडी घालून बसणाऱ्या, चिखलात काम करणाऱ्या शेतकऱ्याला तो चालावा हा त्यांचा विचार होता. जे सेवाकार्य अपंगाला काम करणारा, निर्णय घेणारा मनुष्य मानते, ते आपले मित्र आहे. असे काम करणाऱ्यांचा अनुभव आपल्या कार्यकर्त्यांनी नम्रपणे समजून घेतला पाहिजे.

परंतु २०१३ च्या कंपनी कायद्याने नफ्याच्या दोन टक्के रकमेतून ‘सामाजिक उत्तरदायित्वा’ची जी व्यवस्था निर्माण केली, तिचे स्वरूप निराळे आहे. बड्या कंपनीला सुटे भाग पुरविणाऱ्या कारखान्यात कामगाराची बोटे तुटावीत, त्याच्या भरपाईचा दावा वर्षानुवर्षे रखडावा, आणि त्याच कंपनीने शहरात कृत्रिम अवयवांचे शिबिर भरवून नाव कमवावे, हे या व्यवस्थेत सहज बसते. कारखान्यातील सुरक्षिततेवर केलेला खर्च छायाचित्रात येत नाही.

शिवाय सेवाभावाच्या नावाखाली सेवा करणाऱ्यांचेच शोषण चालते, याकडेही दुर्लक्ष होऊ नये. विशेष शिक्षक, फिजिओथेरपिस्ट, वसतिगृहांतील मदतनीस आणि आशा कार्यकर्त्या यांपैकी बहुसंख्य कंत्राटावर किंवा मानधनावर आहेत. प्राथमिक वर्गात दहा व उच्च प्राथमिक वर्गात पंधरा अपंग मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये घालून दिला. तो पाळायचा तर कायम पदे भरावी लागतील. या शिक्षकांचा लढा आणि त्या मुलांचा हक्क हे एकाच मागणीचे दोन भाग आहेत.

आपले काम

हा प्रश्न एखाद्या स्वतंत्र आघाडीकडे सोपवून मोकळे होण्यासारखा नाही. प्रत्येक जनसंघटनेच्या कार्यक्रमात त्याला जागा मिळाली पाहिजे. केंद्राच्या निवृत्तिवेतनाच्या वाट्यात भरीव वाढ करून तो महागाईशी जोडावा आणि ८० टक्क्यांची अट काढावी. प्रमाणपत्र तालुक्याच्या ठिकाणी ठरलेल्या वारी मिळावे आणि विलंबाची जबाबदारी अधिकाऱ्यावर टाकावी. राखीव जागांचा अनुशेष कालबद्ध रीतीने भरावा. विशेष शिक्षकांची पदे कायम करावीत. शुश्रूषा भत्ता प्रत्यक्षात द्यावा. आणि लहान कारखान्यांना सुरक्षिततेच्या कायद्यातून दिलेली सूट रद्द करावी, या मागण्यांवर व्यापक एकजूट उभारणे शक्य आहे.

मागण्यांबरोबर रोजचे कामही आहे. कामगार संघटनांनी अपघातात अपंग झालेल्या सभासदाला केवळ भरपाईच्या दाव्यापुरते न पाहता, त्याच कारखान्यात त्याला जमेल असे काम मिळावे, यासाठी मालकाशी झगडले पाहिजे. शेतमजूर संघटनेने गावोगाव अपंगांची यादी करून त्यांना गटागटाने प्रमाणपत्रासाठी नेले, तर शंभरातील एकाहत्तर जण कागदाविना का राहतात, याचे उत्तर तिला कोणत्याही पाहणीपेक्षा लवकर सापडेल. महिला संघटनेने अपंग स्त्रियांपर्यंत आणि अपंग मुलांच्या मातांपर्यंत पोहोचावयास हवे; त्या घराबाहेर पडत नाहीत, म्हणून त्या आपल्या सभांना दिसत नाहीत. आणि ज्या सभागृहात आपण अपंगांच्या हक्कांचा ठराव करणार, त्या सभागृहाला जिना आहे की उतार आहे, हेही आधी पाहिले पाहिजे. मूकबधिरांना कळेल अशी व्यवस्था तेथे नसेल तर तो ठराव त्यांच्यासाठी असूनही त्यांच्याविना संमत होईल.

अपंगांना समाजाच्या दारात उभे राहून काही मागावे लागू नये, एवढ्याने आपले समाधान होता कामा नये. कष्टकरी वर्गाच्या संघटनांत ते सभासद म्हणून, प्रतिनिधी म्हणून आणि नेते म्हणून आले पाहिजेत. येत्या ३ डिसेंबरला मंत्र्यांचे मांडव पडतील तेथे पडोत. आपल्या शाखांनी त्या दिवशी अपंग बंधुभगिनींसह जिल्हा रुग्णालयाच्या आणि जिल्हाधिकारी कचेरीच्या दारात उभे राहावे, प्रलंबित अर्जांची संख्या जाहीर करण्याची मागणी करावी, आणि ती मिळेपर्यंत तेथून हलू नये.